अण्णांचं बक्षीस मी का काढून घेतलं

तुळजापूर,
सोमवार, सकाळचे दहा

तीर्थस्वरूप अण्णा,

धाकट्या वनमालाचा लांबूनच नमस्कार. (जवळ येऊन केला असता तर तुम्ही पाय मागं घेतले असते, असं वहिनींनी कळवलंय.) तुमची तब्येत बरी असेल. गुडघ्याला तेल लावता का? बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यावी, विसरलो म्हणून संध्याकाळी दोन घेऊ नयेत. वहिनींचा खांदा कसा आहे आणि परंड्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतंय, तेही कळवावं. इथं चार दिवसांनी येतं. बाकी मी ठीक आहे. ठीक म्हणजे जेवते, झोपते, आणि मला कशाचाही पश्चात्ताप होत नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं, कारण हे सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे.

फोनवर बोलले असते, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उलटा करून ठेवता म्हणे. पत्राला तसं करता येत नाही. उलटं केलं तरी मागच्या बाजूला मी लिहिलेलंच आहे.

तुम्ही वहिनींच्या माहेरी सांगितलंत की वनूच्या डोक्यावर त्या अमेरिकेच्या बास्केटबॉलचा परिणाम झालाय. झालाय, मी नाकारत नाही. पण परिणाम आजचा नाही. धाराशिवच्या शाळेत मी एकतीस वर्षं कारकून होते, त्यातली सव्वीस वर्षं जिल्ह्याच्या सामन्यांना गुणपत्रक लिहायला मीच बसायचे, कारण उन्हात टेबलावर बसायला दुसरं कुणी तयार नसायचं. पीटीचे सर शिट्टी वाजवायचे, मुली पळायच्या, आणि मी लिहायचे. चेंडू जाळीत गेला की दोन, नाही गेला की काही नाही. एकदा संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीनं टाकलेला चेंडू वेळ संपल्यावर जाळीत गेला. सगळं मैदान म्हणालं लिहा, मुख्याध्यापक म्हणाले लिहा, समोरच्या संघाच्या बाईसुद्धा म्हणाल्या जाऊ द्या लिहा. मी लिहिलं नाही. म्हणून मला वर्षभर भांडारघरात खडू मोजायला बसवलं. (ते वर्ष चांगलं गेलं. तिथं पंखा होता.) तेव्हा धाराशिवच्या त्या दिवशी मी जे केलं ते म्हातारपणाचं खूळ नव्हतं. माझी जुनीच सवय आहे, तुम्हाला पहिल्यांदा लागली एवढंच.

हे गेल्यापासून माझ्या अनिरुद्धनं मला टीव्हीवर ते अमेरिकेचे सामने लावून दिले. आपल्याकडं ते पहाटे सुरू होतात आणि चहा-पोहे होईस्तोवर संपतात, म्हणजे विधवा बाईच्या सोयीनंच ठेवलेत म्हणायचे. माझा संघ डेन्व्हरचा. ते गाव उंच पठारावर आहे, बाहेरच्या संघांना तिथं धाप लागते. सोलापूरहून घाट चढून येणाऱ्यांना लागते तशीच. त्यांचा मधला उंच गडी बघाल तर तुम्हाला वाटेल याला कुणी झोपेतून उठवून आणलंय. उडी मारत नाही, छाती बडवत नाही, कॅमेऱ्याकडं बघत नाही. नुसता योग्य माणसाला चेंडू देतो आणि जिंकून घरी जातो. मला असली माणसं आवडतात. लांबून चेंडू टाकणारे मला आवडत नाहीत. हल्ली सगळे लांबूनच टाकतात, चुकलं की परत लांबूनच. हा खेळ आहे की दगडानं चिंचा पाडणं चाललंय, कळत नाही. आणि धक्का न लागता कोलमडणारे तर अजिबात नाही. (तसल्या एकाला मागच्या महिन्यात मी पहाटे सहाला एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या लॉजमधली यात्रेकरू मंडळी दारात आली. त्यांना वाटलं अंगात आलंय. एका बाईनं मला कुंकू लावलं आणि मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी म्हटलं, चौथ्या क्वार्टरनंतर सांगते.)

पण त्या खेळातसुद्धा एक गोष्ट मला खटकते. सामना गुणांवर जिंकतात, आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र पत्रकारांच्या मतांवर ठरतो. म्हणजे वर्षभर घाम मोजायचा आणि शेवटी विचारायचं, तुम्हाला कोण बरं वाटतं? सिनेमाच्या बक्षिसांचंही तेच. तो अमेरिकेचा मोठा सोहळा मी दरवर्षी सोमवारी सकाळी बघते. आजारी पडलं, टक्कल केलं, पंधरा किलो वजन घटवलं की ती सोन्याची बाहुली मिळते. ज्यानं नुसतं घरात शिरून चप्पल काढली आणि बाप वाटला, त्याला काही नाही. तिथली एकच पद्धत मला लई आवडते, भाषण लांबलं की बाजा वाजवून हाकलतात. आणि बास्केटबॉलमधलं एकच बक्षीस मला मनापासून पटतं, ते म्हणजे बाकावरून उठून येणाऱ्या सहाव्या खेळाडूचं. सुरुवातीच्या पाचांत त्याचं नाव नसतं. कुणी थकलं की त्याला उठवतात, तो येतो, काम करतो, परत बसतो. आपल्याकडं असल्या माणसाला बक्षीस सोडा, जेवायला बोलवायचंही राहून जातं.

आता मूळ गोष्टीवर येते, म्हणजे तुमच्यावर.

धाराशिवच्या लघुपट स्पर्धेच्या समितीचे ईरण्णा मला परीक्षक म्हणून विचारायला आले, तेव्हा मी आधीच सांगितलं होतं की एका फिल्ममध्ये माझा सख्खा भाऊ आहे. त्यावर ईरण्णा हसून म्हणाले, "बाई, म्हणूनच तर तुम्हाला बोलावतोय." अण्णा, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता. असं वाक्य मला कुणी बोललं की पुढं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी त्याच क्षणी होकार दिला.

आम्ही तीन परीक्षक. एक मी, एक आमच्या तुळजापूरचे कल्याणप्पा, जे लग्नाचे व्हिडिओ काढतात, आणि एक प्राध्यापक, ज्यांनी बारा फिल्म फोनकडं बघत बघितल्या. मंगल कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीत आम्हाला बसवलं होतं, आरशाला अजून टिकल्या चिकटलेल्या होत्या. मी माझं गुणपत्रक आखून नेलं होतं. खरं वाटलं की गुण, खोटं वाटलं की फाऊल. आमच्या शाळेत पाच फाऊलला खेळाडू बाहेर, अमेरिकेत सहाला. तुमच्यासाठी मी अमेरिकेचा नियम लावला. तरी तुम्ही चौथ्या मिनिटाला बाहेर गेलात.

राग येईल, पण ऐका. निवृत्त माणूस परंड्याच्या किल्ल्यात जाऊन तोफेशी अकरा मिनिटं बोलतो, ही कल्पना वाईट नव्हती. पण 'जीवन' हा शब्द आला की तुम्ही दर वेळी डोळे मिटले. (तीन वेळा. तीन फाऊल.) वाक्य संपलं की टाळ्यांसाठी जागा सोडलीत. किल्ल्यात टाळ्या कोण वाजवणार, पाकोळ्या? रडायच्या आधी रुमाल काढून घडी मोडून तयार ठेवलात आणि मग रडू आणलंत. आणि सहावा फाऊल तर 'इतिहास साक्षी आहे' म्हणताना कॅमेऱ्याकडं बघितलंत त्याचा. खरं सांगायचं तर तुम्हा दोघांत तोफेचं काम मला जास्त पटलं. दोन गुण मात्र मी तुम्हाला दिलेत. तोफेच्या कडेला टेकताना तुम्ही हळूच 'आई गं' म्हणालात, ते तुमच्या गुडघ्याचं होतं, ते खरं होतं.

त्यानंतर अश्लेषा नावाच्या कॉलेजच्या मुलीची फिल्म लागली. रेशन दुकानाची रांग. रांगेत सारजाबाई. ही बाई कुणी नटी नाही, तेर रस्त्याला खुरपायला जाते, अश्लेषाच्या शेताशेजारी राहते. तिचा अंगठा त्या मशीनवर उमटत नाही, काम करून करून रेघा गेल्यात. ती अंगठा पदराला पुसते, लावते. मशीन नाही म्हणतं. केसांवरून फिरवून तेलकट करते, लावते. मशीन नाही म्हणतं. मग मागच्या माणसाला म्हणते, "तुमी घ्या म्होरं, माजं काय आज जमंना," आणि बाजूला होऊन उभी राहते. बस. दोन मिनिटं. अण्णा, मी पेन्सिल खाली ठेवली होती. कल्याणप्पा म्हणाले, "पंचवीस वर्षं मी लोकांना सांगतोय, नैसर्गिक राहा. एकालाही जमलं न्हाय. ह्या बाईला कुणी सांगितलंही नसंल." अभिनयाचं बक्षीस एकच. प्राध्यापकांचं मत तुम्हाला. आमची दोन मतं सारजाबाईंना. तिघांनी सह्या केल्या, कागद पाकिटात घातला, पाकीट ईरण्णांच्या हातात दिलं. माझं काम संपलं, असं मला वाटलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही स्टेजवर होता आणि मी खाली, म्हणून खालून कसं दिसलं ते सांगते. ईरण्णांनी पाकीट फोडलं, कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तुमचं नाव घेतलं. परंड्याहून जीप करून आलेली तुमची मंडळी उभी राहिली, हार पुढं आला. तुम्ही त्या नव्या मोतिया जाकिटात उठलात. तीन पायऱ्यांना कठडा धरलात. वर पोचल्यावर वाकून स्टेजला हात लावलात आणि कपाळाला नेलात. ईरण्णांनी तुमच्या अंगावर शाल घातली, हातात सन्मानचिन्ह दिलं. साठ वर्षं गणपतीच्या मेळ्यापासून स्नेहसंमेलनापर्यंत प्रत्येक नाटकात काम केलेला माणूस, आणि आयुष्यातलं पहिलं बक्षीस. मी खोटं कशाला सांगू, मी खुर्चीला चिकटून बसले. मनात म्हटलं, वनू, गप बस. एकदाच. कुणाचं काय जातंय.

मग मी मागं वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, अश्लेषाच्या शेजारी सारजाबाई बसल्या होत्या. इरकली लुगडं नेसून, पायातल्या चपला मांडीवर पिशवीत घेऊन. आणि त्या तुमच्यासाठी टाळ्या वाजवत होत्या. अगदी मनापासून, दोन्ही हात उंच करून. ते बघितलं आणि मी उठले.

तुम्ही म्हणता मी तमाशा केला. त्या मोठ्या सोहळ्यातसुद्धा मागं एकदा चुकीचं नाव पुकारलं गेलं होतं, आणि सगळ्या जगासमोर, भाषणं चालू असताना, दुरुस्त केलं गेलं होतं. तिकडं चालतं आणि धाराशिवला चालत नाही का? मी माईकपाशी जाऊन चार शब्द बोलले: "नाव चुकलंय. कागद बघा." ईरण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, तुमच्याच घरचं बक्षीस तुमच्याच घरात जातंय, बसा की." पण माईक चालू होता. ते सगळ्यांनी ऐकलं, त्यात माझा दोष नाही. मी हात पुढं केला तो खाली घेतला नाही. शेवटी त्यांनी कागद दिला आणि मी तो वाचला.

तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून विचारलंत, "वनू, खरं का हे?"

"खरं, अण्णा. दोन विरुद्ध एक."

"तुझं मत?"

"दोनातलं एक माझं."

अण्णा, वडील गेले तेव्हासुद्धा हे सांगण्याइतकं मला जड गेलं नव्हतं. पण तुम्ही विचारलंत आणि मी लिहिलेलं सांगितलं. दुसरं काही सांगितलं असतं तर ते बक्षीस तुमच्या कपाटात राहिलं असतं आणि मी परंड्याला आले की दर वेळी त्याच्याकडं पाठ करून बसले असते.

मग अश्लेषा सारजाबाईंना घेऊन आली. त्या स्टेजवर चढल्या त्या अनवाणीच. सगळ्यांत वयस्क आणि जाकीटवाले तुम्ही, म्हणून त्यांना वाटलं साहेब तुम्हीच. त्यांनी तुम्हाला विचारलं, "सायेब, अंगठा कुटं लावायचा? पर माजा उठत न्हाय बगा." सभागृह हसलं. तुम्ही हसला नाहीत. चाळीस वर्षं तहसील कचेरीत लोकांचे अंगठे घेतलेला माणूस तुम्ही. तुम्ही एवढंच म्हणालात, "अंगठा लागत नाही बाई. हे तुमचंच आहे." स्वतःच्या हातातलं सन्मानचिन्ह त्यांच्या हातात दिलंत, अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातलीत, आणि कठडा न धरता तीन पायऱ्या उतरून बाजूच्या दारानं निघून गेलात. हार तसाच जीपमधून परंड्याला परत गेला.

त्या वेळी तुम्ही डोळे मिटले नाहीत. टाळ्यांसाठी थांबला नाहीत. ते एक मिनिट फिल्ममध्ये असतं, तर माझं मत तुम्हाला होतं, आणि हे मी ईरण्णांच्या तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावणार नाही. मी म्हटलं, बोलावलंत तरी हेच करीन. परंड्याच्या तुमच्या ग्रुपवर मला घरभेदी म्हटलंय, तेही वहिनींनी कळवलं. म्हणू द्या. वहिनी म्हणतात, एक माफीचा शब्द लिही, प्रकरण मिटेल. वहिनींचा मान राखून सांगते, तो शब्द या पत्रात नाही, शोधू नये. तुमच्या मनाला लागलं याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण जे उमटलं तेच मी लिहिलं. वाईट वाटणं आणि चुकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत, दुसऱ्याच्या चुकीपायी बाबांच्या हातचा मार खाऊन मी रडत बसले होते तेव्हा.

वहिनींना नमस्कार. नातवंडांना माझ्याकडून एकेक पापा द्यावा. जीपमधल्या मंडळींना काही देऊ नये.

तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचीच धाकटी बहीण,
वनमाला

ता. क. तुमचा एक मुद्दा मला मान्य आहे, तो इथं खाली बारीक अक्षरात लिहिते. स्वतःच्या भावाचा निकाल बहिणीनं द्यायला बसू नये. पंच स्वतःच्या गावचा सामना घेत नाही. ईरण्णा तसं बोलले तेव्हा मी चिडून होकार द्यायच्या ऐवजी नकार द्यायला हवा होता. निकाल बरोबर होता, खुर्ची चुकीची होती. तसं मी समितीला लेखी कळवलंय, आणि त्याची प्रत याच पाकिटात घातली आहे.

दुसरा ता. क. आता कुणाला सांगू नका. अश्लेषा गेल्या आठवड्यात घरी आली होती. ती नवीन फिल्म करतेय. एक म्हातारे भाऊ-बहीण बसस्टँडवर शेजारी शेजारी बसलेत, बस येईपर्यंत कुणीच काही बोलत नाही, एवढीच गोष्ट. बहिणीचं काम तिनं मला विचारलं. आणि मी (हे वाचताना बसून घ्या) लगेच हो म्हणाले. तिनं पुरतं विचारायच्या आधीच. गुरुवारी तुळजापूरच्या जुन्या स्टँडवर चाचणी घेतली. मला फक्त पिशवी खाली ठेवायची होती आणि बस येते का ते बघायचं होतं. सतरा वेळा केलं. पहिल्यांदा पिशवी अशी ठेवली की जणू तिच्यात बॉम्ब आहे. नंतर बसकडं बघायला सांगितलं तर मी मान अशी वळवली की एका प्रवाशानं येऊन विचारलं, आजी, लचकली का? बाराव्या वेळी अश्लेषा म्हणाली, "मावशी, काहीच करू नका." मी काहीच न करायचा एवढा प्रयत्न केला की घामानं ब्लाऊज भिजला. पोरगी चांगली आहे, तोंडावर काही बोलली नाही, पण जाताना तिचा चेहरा पडला होता. घरी येऊन मी आरशासमोर बसून पाहिलं. तिथंही जमलं नाही.

तिसरा ता. क. भावाचं काम अजून कुणाला दिलेलं नाही. स्टेजवरून उतरताना तिनं तुम्हाला पाहिलंय आणि तिला दुसरं कुणी नको आहे. संवाद एकही नाही, हे आधीच सांगते, मागाहून भांडू नये. शूटिंग रविवारी आहे. तुम्ही शनिवारी दुपारच्या बसनं या, वहिनींना आणा, बार्शीला गाडी बदलायला लागेल. बोलायचं नसेल तर बोलू नका, कामच तसं आहे. पण अण्णा, कॅमेरा सुरू झाला की हात कुठं ठेवायचे, ते मला कुणीच सांगत नाही. तेवढं सांगायला या.